साडूच्या पोटामागे बीडपर्यंत

लोक दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात, गाडीवर जळतात, पोराच्या परदेशातल्या नोकरीवर जळतात. मी गेली दोन वर्षं साडूच्या पोटावर जळतो आहे. हे लिहिताना मला लाज वाटतेच आहे. पण ज्या प्रवासाची हकिगत सांगायला बसलो आहे तो निव्वळ या जळफळाटापायी घडला, तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आधी माझ्या पोटाविषयी. नाशिकला एका शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि त्यातली वीस वर्षं वर्गाच्या दारापाशी खुर्ची टाकून शिकवली. दुर्बीण घालून आत बघून झालं, रक्त तपासून झालं, डॉक्टरांना काही सापडलं नाही. "आतडं चिडकं आहे," ते म्हणाले, "जिवाला धोका नाही." चिडक्या माणसाबरोबर संसार केलेल्याला विचारा, धोका नसणं म्हणजे काय ते. कधी चार-चार दिवस काहीच नाही आणि पोट टम्म. कधी बाहेर जायला चप्पल घातली की ती काढून परत आत. मला दूध चालत नाही, कच्चा कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, संध्याकाळी डाळ चालत नाही. आणि सगळ्यांत न चालणारी गोष्ट म्हणजे 'आता दोन तास उठता येणार नाही' हा विचार. तो मनात आला की मी उठलोच.

माझे साडू दत्तराव बीडच्या कोर्टात नाझर होते, आता निवृत्त आहेत. माझ्या बायकोची, शैलाची, धाकटी बहीण नलू त्यांना दिलेली. त्यांचं पोट हुबेहूब माझ्यासारखं. पंधरा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं एकाच वेळी एकाच संडासाच्या दारात पोहोचलो. "तुम्ही आधी", "छे छे, तुमी आधी" असं झालं, आणि तिथंच आमची दोस्ती जमली. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात आमचा कोपरा ठरलेला. दोन खुर्च्या, दोन वाट्या दहीभात, आणि समोर श्रीखंड ओरपणाऱ्या नातेवाइकांवर टीका. मला भावांपेक्षा हा माणूस जवळचा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी नगरला एका लग्नात मी नेहमीचा कोपरा धरला, दोन खुर्च्या मांडल्या, दोन वाट्या आणल्या, आणि बघतो तर दत्तराव पंगतीत बसलेले! जेवत होते. शेजारच्याशी हसत होते. वाढप्यानं जिलबी पुढं केली तर त्यांनी ती घेतली. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि दोन्ही वाट्या दहीभात एकट्यानं संपवला. एका शब्दानं सांगितलं नव्हतं त्यांनी मला की बरा झालोय म्हणून.

तेव्हापासून आमच्या घरी दत्तरावांचा जप सुरू झाला. "दत्तराव बघा, कसे गिरनारला जाऊन आले." "दत्तराव बघा, भाकरी खातात." मी बघत होतोच. दुसरं काही बघत नव्हतो.

मग आमच्या केतकीचं लग्न ठरलं, माघातलं. कन्यादानाला आईबापांनी पाटावर बसायचं, होम धरून दोन-अडीच तास. माझा पूर्वेतिहास चांगला नाही. भाचीच्या लग्नात मामा म्हणून तिच्यामागे उभं राहायचं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मामा जागेवर नव्हता. तो फोटो अजून बहिणीच्या दिवाणखान्यात आहे. नवरीमागे कुणीच नाही. एके सकाळी कोथिंबीर निवडता निवडता शैला म्हणाली, "तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा. नलू आणि दत्तराव बसतील कन्यादानाला. केतकीच्याही कानावर घातलंय मी."

मी "बघू" म्हणालो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझ्यासारखंच पोट होतं त्या माणसाचं. ते त्यानं बरं करून घेतलं, मला सांगितलं नाही, आणि आता माझ्या लेकीचा हात तो जावयाच्या हातात देणार. अंगाची आग आग झाली. तासाभरानं मी मानापमान गिळून बीडला फोन लावला आणि विचारलं, "दत्तराव, घेता तरी काय तुम्ही?"

ते हसले. "फोनवर काय सांगू सर? इकडंच या की. येळवशीचा सण हाय रविवारी. गावाकडं जाऊ."

नाशिक ते बीड

प्रवासवर्णन लिहिणारे लोक वाटेतली देवळं सांगतात, घाट सांगतात. मला या रस्त्यावरचे संडास पाठ आहेत. कुठल्या स्टँडवर कडी लागते, कुठे पाणी असतं, कुठल्या ढाब्याचा मालक फक्त गिऱ्हाइकालाच जाऊ देतो म्हणून आधी पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते. कितीतरी वर्षांनी मी एकट्यानं एसटीत बसलो होतो. आदल्या दिवशी फक्त पेज, सकाळी इसबगोल, खिशात गोळ्या, ड्रायव्हरच्या मागची जागा.

चढताच कंडक्टरला बाजूला घेऊन सांगितलं, "मला मधुमेह आहे, मधे कुठे थांबावं लागलं तर थांबाल ना?" तो लगेच म्हणाला, "बसा काका, आवाज द्या." मधुमेहाला समाजात मान आहे. पोटाला नाही. पोट म्हटलं की समोरच्याच्या ओठांचे कोपरे हलतात, हे मी वीस वर्षं बघत आलोय, म्हणून माझ्याकडे प्रवासात मधुमेह असतो, लग्नात उपवास असतो आणि शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलेलं असायचं.

दोनदा थांबलो. एवढंच सांगतो.

बीड, गुरुवार

नलूनं दारातच पाण्याचा तांब्या आणि मागोमाग साईचा चहा आणला. "दाजी, किती वाळलात!" बीडला तीस वर्षं काढून तिची भाषा मधेमधे तिकडची झालीये. चहा बघून मी नेहमीचं हत्यार काढलं. "आज गुरुवार ना, उपवास असतो माझा. चहाही नाही चालत."

नाशिकला हे सांगितलं की लोक "बरं" म्हणतात आणि विषय संपतो. इथं नलू तशीच वळली आणि अर्ध्या तासात परातभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. दाण्याचा कूट साबुदाण्याहून जास्त, हिरव्या मिरच्या उभ्या चिरलेल्या, वर दाण्याची आमटी. "उपाशी माणसाला आमी अन्नावाचून ठेवत न्हाई," दत्तराव म्हणाले. पाठोपाठ बटाट्याचा चिवडा. शेजारच्या बाईंनी पाहुण्याला उपास आहे म्हणून शिंगाड्याचा शिरा पाठवला. साध्या भातावर निभावला असता असा माणूस, खोट्या उपासात सापडला.

आणि समोर दत्तराव काय जेवत होते? ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, जिरं घातलेलं पातळ ताक. सावकाश, एकेक घास चावून. मला जे हवं होतं ते सगळं त्यांच्या ताटात होतं आणि मला तिकडे हात घालता येत नव्हता. शुक्रवारी पहाटेपर्यंत माझं काय झालं ते नलूच्या न्हाणीघराला माहीत.

त्याआधी, संध्याकाळी ते मला फिरायला घेऊन गेले होते. कोर्टाच्या बाजूनं, क्लासेसच्या पाट्यांखालून, रिक्षांच्या गर्दीतून. दर दहा पावलांवर त्यांना कुणीतरी हाक मारी. एक वकील स्कूटर थांबवून म्हणाले, "काय नाझरसाहेब, पोट कसं हाय?" हे म्हणाले, "आज बरंय." टपरीवर गेलो तर टपरीवाल्यानं न विचारता त्यांच्यापुढे बिनदुधाचा सुंठीचा चहा ठेवला आणि म्हणाला, "काल आला न्हाईत. पोट बिघडलं व्हतं का?"

मी खाली मान घालून उभा राहिलो. भर रस्त्यात माणसाच्या पोटाची चौकशी! वाटलं, लोक टिंगल करताहेत आणि या भल्या माणसाला ती कळतही नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

कपिलधार, शुक्रवार

शुक्रवारी जरा सावरल्यावर दत्तराव मला रिक्षानं कपिलधारला घेऊन गेले. डोंगर उतरून खाली गेलं की झाडी दाट होते आणि हवा एकदम गार लागते. धबधबा आता मार्गशीर्षात बारीक झाला होता, कड्यावरून लोंबणाऱ्या दोरीएवढा, पण खालच्या कुंडात पाणी होतं आणि दर्शनाला आलेल्या बाया त्यात पाय बुडवून बसल्या होत्या. तिथल्या संतांच्या समाधीचं दर्शन घेतलं. पायऱ्या उतरताना दत्तराव माझ्यापुढे होते. दोन पायऱ्या एकदम. त्यांचा शर्टसुद्धा पोटावर कसा नीट बसला होता! माझा तीन महिन्यांत सैल झालाय.

पायरीवर टेकलो आणि मी मुद्द्याला हात घातला. "दत्तराव, औषध काय?"

त्यांनी खिशातून डबी काढली. भाजलेली बडीशेप, ओवा, जिरं. "जेवणावर चिमूटभर. झोपताना इसबगोल कोमट पाण्यात. ताक दुपारचं, रात्री न्हाई. जेवायच्या येळा चुकवायच्या न्हाईत, आन एकदम पोटभर खायचं न्हाई. महिनाभर एका वहीत लिवलं, काय खाल्लं की काय व्हतंय. मला दूध आन संध्याकाळची डाळ बाधती, लसूण बाधतो. तेवढं सोडलं. रोज चालतो."

मी माझ्या खिशातली डबी काढून दाखवली. बडीशेप, ओवा, जिरं, शिवाय चिमूटभर हिंग. इसबगोल मी बारा वर्षं घेतोय. वही माझीही आहे, तिसरी चालू आहे. "हे सगळं मीही करतो हो! मग तुम्हाला कसं लागू पडलं आणि मला नाही?"

त्यांनी आपली डबी खिशात टाकली. मग म्हणाले, "येळवशीला दिसंल तुमाला."

दाखवायची कला बघा या माणसाची! परतताना मांजरसुंब्याला रिक्षा थांबवून त्यांनी रबडी घेतली. रबडी! दुधाचा अर्क. माझ्यादेखत दोन चमचे तोंडात टाकले, डोळे मिटले, आणि उरलेली नलूसाठी बांधून घेतली. ते दोन चमचे मी अजून विसरलेलो नाही.

धर्मापुरी, शनिवार

दत्तरावांचं गाव धर्मापुरीच्या जवळ, परळी तालुक्यात. गावी जाण्याआधी त्यांनी मला धर्मापुरीचं जुनं देऊळ दाखवलं. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला तिथं तासभर तरी हवा होता. बाहेरच्या भिंतीवर बायकांच्या मूर्ती आहेत. एक आरशात बघतेय, एक पत्र लिहितेय. दगडातल्या कंबरेची ती वळणं कागदावर उतरवायला घेतली आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांची पोटं बघतोय. आठ-नऊशे वर्षं पाऊस खाऊन एकाही पोटाला तक्रार नाही. वही मिटली आणि निघालो.

गावात दत्तरावांच्या सोनाआत्या राहतात. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, आवाज मात्र खणखणीत. अंगणात बायका तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कोपऱ्यात आंबिलीचा माठ. येळवस म्हणजे काय ते मला तिथं कळलं. आमच्याकडे नाशिकला हा सण नाही. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव आपापल्या रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात लक्ष्मी मांडतात, पूजा होते, आणि मग जेवण. जेवणात भज्जी, म्हणजे सगळ्या ओल्या डाळी, दाणे, पालेभाजी, कांद्याची पात यांना बेसन लावून शिजवलेली भाजी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. एकाच ताटात माझा काळ आणि माझा वैद्य शेजारी शेजारी मांडलेले.

"आपल्या रानात जेवायच्या आधी धा जणांच्या रानात जावं लागतंय," नलूनं सांगितलं. "आन परतेक ठिकाणी खावं लागतंय, दाजी. न्हाई खाल्लं तर रुसतात."

आत्याबाईंनी फोडणी देण्याआधी माठातली थोडी आंबील वेगळ्या गाडग्यात काढलेली मी पाहिली. "ही दत्तूची," त्या म्हणाल्या. "बिगर लसणाची." नाशिकला मला लसूण चालत नाही हे फक्त शैलाला ठाऊक आहे. माझी आंबील कोण वेगळी काढणार?

रानात, येळवस

सकाळचं रान सुंदर होतं. हरभरा घोट्याएवढा, ज्वारी छातीला लागलेली, बांधावर तुरीची उंच दाट रांग, शेंगांनी वाकलेली. ठिकठिकाणी कोपी, त्यांतून धूर, आणि हाका. "ओ नाझरसाहेब, इकडं या!" मी मात्र तुरीकडे अंतर मोजण्यासाठी बघत होतो.

पहिल्या रानात मी हात जोडून म्हणालो, "नको हो, आत्ताच जेवून आलो."

वाढणाऱ्या गृहस्थांची पळी हवेतच थांबली. "जेवून? कावून? का म्हून? येळवशीला घरी चूल पेटवलीती का तुमी?"

सगळे हसले. येळवशीच्या दिवशी पूजेआधी कुणी घरी जेवत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवून आलो म्हणणारा एकतर खोटारडा किंवा वेडा. माझ्या हातात वाटीभर भज्जी आली. चव काय सांगू! आंबट-तिखट, दाणा दाताखाली फुटणारा. मत्सर आणि भूक दोन्ही पेटलेली, मी पूर्ण वाटी संपवली. दत्तरावांच्या हातात मात्र त्याच गृहस्थांनी न बोलता आंबिलीचा पेला दिला, आणि नखाएवढी भज्जी पानाच्या कडेला ठेवली.

दुसऱ्या रानात मी उपवास काढला. तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "येळवशीला उपास? कोन्या देवाचा वो?" मला देव सुचेना. दुसरी वाटी. दत्तरावांना पुन्हा पेला आणि नखाएवढी. तिसऱ्या रानातही तेच. या माणसाचे लाड चाललेत नुसते, मी मनात म्हणालो. निवृत्त झाले तरी नाझरकीचा रुबाब गेला नाही.

आमच्या रानात पोहोचेपर्यंत माझ्या पोटात मुरडा सुरू झाला होता. तीस-एक माणसं कोपीपुढे पंगतीला बसली. मी कडेची जागा शोधली. ती दत्तरावांना आधीच दिलेली होती. त्यांच्या शेजारी बसलो, घाम पुसत, तुरीपर्यंतची पावलं मोजत. साठ. उठावं तर तीस माणसांच्या देखत, पाहुण्यानं, पहिल्या घासाला. बसलो तसाच, दात आवळून.

इतक्यात दत्तराव उठले. खणखणीत आवाजात म्हणाले, "आलो रे!" पाण्याची बाटली उचलली आणि झपाझप तुरीत शिरले.

वाचकांनी मला माफ करावं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो केतकीचं लग्न ठरल्यावरही झाला नव्हता. गेला! दोन वर्षांनी का होईना, साडू धावला! मुरड्यातसुद्धा मला हसू फुटलं. मी चारी बाजूंना बघितलं, बाकीचे कसे हसतात ते बघायला.

कुणी हसत नव्हतं. सोनाआत्या वाकून पुढे आल्या आणि त्यांनी दत्तरावांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, माशी बसू नये म्हणून. खीर वाढणारा त्या ओळीपाशी आला होता तो पातेलं खाली ठेवून थांबला. माणसं हरभऱ्यावर पडलेल्या घाटेअळीविषयी बोलू लागली. पाच-सात मिनिटांनी दत्तराव आले, हातपाय धुतले, बसले. आत्यानं वरचं ताट उचललं. "भज्जी निवली आसंल, बदलून दिऊ का?" "नको, बरी हाय." खीर पुढे सरकली.

मला हसू कुठल्या कुठे गेलं आणि जी आग लागली ती आजवर लागली नव्हती. गिरनार सोडा, रबडी सोडा. मला आयुष्यात कुणी ताट झाकून ठेवलं नव्हतं. ठेवणार कसं? मी कधी कुणाला परत येतो म्हणून सांगून उठलोच नव्हतो. मी नाहीसा व्हायचो.

आत्या माझ्यापुढे थांबल्या. माझ्या कपाळाचा घाम बघितला, तोंड बघितलं. "आन तुमचं वो पाव्हणं? धरतंय का सुटतंय?"

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मधुमेह, उपवास, मुख्याध्यापक, सगळे एकदम जिभेवर आले आणि एकही बाहेर पडला नाही.

"सुटतंय," मी म्हणालो. "वीस वर्षं."

"आत्ता?"

"आत्ता."

"मग उटा की! बसलाव कावून?"

दत्तरावांनी बाटली माझ्या हातात दिली. मी साठ पावलं चाळिसात संपवली.

परत आलो तेव्हा माझं ताट झाकलेलं होतं.

मी बराच वेळ ते उचललं नाही. आत्यानंच उचललं, भज्जीची वाटी बाजूला केली आणि बिनलसणाच्या गाडग्यातली आंबील ओतली. गार, आंबूस, पोटात उतरताना कळणारी. दत्तराव हळूच म्हणाले, "हेच दाखवायचं व्हतं. पथ्य तुमचं-माझं एकच हाय, सर. पर मी कोर्टात साहेबांपुढं हुबं राहून सांगितलं, साहेब, माझं पोट असं असं हाय, मधूनच उठावं लागतंय. ते म्हणले, उठत जा. मग टपरीवर सांगितलं, गावात सांगितलं. लपवायचं बंद झालं तसं निम्मं दुखणं बी बंद झालं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते आत्ता तुरीत बघितलंत की."

"पण नगरला तर तुम्ही पंगतीत जिलबी खाल्लीत!"

"वाढप्याला सांगून कडेला बसलतो. जिलबीचा एक येढा खाल्ला, बाकी नलूच्या ताटात. आन दोनदा उठलतो त्या दिवशी. तुमच्या कोपऱ्याकडं बी येनार व्हतो सांगायला. तुमी पाठ करून बसलतात. मला वाटलं, तुमाला आता माझ्याशी बोलायचं न्हाई."

दोन वर्षं! मी मान खाली घालून आंबील पीत राहिलो.

"आन कन्यादानाचं," ते म्हणाले, "नलू बोलली मला. मी कशाला बसू वो? मी तर दोनदा उठंल."

मी बांधावर गेलो. तिथं जरा रेंज होती. केतकीला फोन लावला. घरात मुलीसमोर आजवर 'बाबांना जरा बरं नाही' याच्यापुढे कुणी काही बोललेलं नाही. लेकीशी हा विषय काढायचा म्हणजे तुरीतल्या साठ पावलांपेक्षा लांबचा पल्ला होता. मी सगळं सांगितलं. आतडं, वीस वर्षं, भाचीचं लग्न, सगळं. आणि म्हणालो, "कन्यादानाला मी बसलो आणि मधेच मला उठावं लागलं, तर?"

रेंज जाऊ नये म्हणून मी बांधाच्या उंचवट्यावर चढलो.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं काकांचं नाव काढलं, आणि तुम्ही नुसतं 'बघू' म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला बसायचंच नाहीये."

"मला बसायचंय," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं की पंगतीतली माणसं वळून बघू लागली.

"मग बसा. आणि उठावं लागलं तर उठा. आम्ही थांबू." तिचा आवाज जरा ओला झाला होता, पण ती माझीच मुलगी आहे. "लग्न आहे बाबा, एसटी नाही सुटून जायला."

मी जागेवर येऊन बसलो. सोनाआत्यांनी विचारलं, "काय म्हनली लेक?"

"थांबते म्हणाली."

त्यांनी मान हलवली आणि गाडग्यात उरलेली आंबील आम्हा दोघा साडूंना वाटून दिली. दत्तरावांच्या पेल्यात बोटभर जास्त पडली, ते मी बघितलंच.